साडेपाच मीटरची पट्टी: २५ कोटी वर्षांपूर्वीचा तापलेला समुद्र शाळेच्या व्हरांड्यात (कामाच्या नोंदी)

१८ जून २०२५

शाळा सुरू झाली आणि विज्ञान मंडळाचं यंदाचं काम ठरलं. पर्मियन काळाच्या शेवटी (साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी) समुद्रातले बहुतेक जीव संपले, त्यानंतरची साधारण ५० लाख वर्षं व्हरांड्याच्या भिंतीवर मापात लावायची. डायनोसॉर कसे संपले ते पोरांना पाठ असतं, पण त्याच्या कितीतरी आधीचा आणि त्याहून मोठा हा विनाश कुणी ऐकलेलाच नसतो, आणि ज्यांनी ऐकलेला असतो त्यांनाही वाटतं की सायबेरियात ज्वालामुखी फुटले, जीव मेले, मग हळूहळू सगळं सुधारलं. मला भिंतीवर नेमकं हेच मोडायचंय. विनाश थोडक्यात उरकला, उष्मा मात्र लाखो वर्षं राहिला आणि मध्येच पुन्हा चढला, हे चालता चालता दिसलं पाहिजे.

माप: १ मिलिमीटर म्हणजे १००० वर्षं. म्हणजे १ मीटर म्हणजे १० लाख वर्षं. डावं टोक २५.२२ कोटी वर्षांपूर्वी, उजवं टोक २४.६७ कोटी, लांबी साडेपाच मीटर. आपला आजचा दिवस या मापात उजव्या टोकापासून जवळजवळ २४७ मीटर लांब येतो, शाळेचं फाटक ओलांडून रस्त्याच्या पार. तिथे एक पाटी लावायची कल्पना आठवीच्या वर्गातून आली, ती ठेवतेय.

२२ जून

रविवार, शाळा रिकामी, व्हरांड्यात फरशीवर खडूने खुणा करून बघितल्या. विनाशाचा काळ चीनमधल्या झेजियांग प्रांतातल्या मेइशान इथल्या खाणीवरून घेतला. तिथे चुनखडीच्या थरांमध्ये ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत आणि त्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय युरेनियम-शिसे पद्धतीने काढलेलं आहे. २०१४ च्या मोजणीनुसार सुरुवात २५.१९४१ कोटी वर्षांपूर्वी, शेवट २५.१८८० कोटी. मध्ये ६० हजार वर्षं, म्हणजे आपल्या पट्टीवर ६ सेंटिमीटर.

पोरांना आधी हे पटेना. साडेपाच मीटरच्या पट्टीत मुख्य घटना चार बोटांत संपते? मग बाकीच्या पट्टीवर काय दाखवायचं? म्हटलं बाकीची पट्टी म्हणजेच आपला विषय आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा, या ६० हजारावर ४८ हजारांची अनिश्चितता आहे. म्हणजे ६ सेंटिमीटरचा पट्टा सव्वा सेंटिमीटरचाही असू शकतो आणि पावणेअकरा सेंटिमीटरचाही. म्हणून लाल रंग मधोमध गडद आणि दोन्हीकडे फिका होत जाईल असा करायचं ठरलं. कडक कडांचा चौकोन काढला तर खोटं सांगितल्यासारखं होईल.

२५ जून

तारखांचा घोळ. यात बराच वेळ गेला, तुमचा जाऊ नये म्हणून सविस्तर लिहितेय.

सुरुवातीच्या ट्रायासिकचे (पर्मियननंतरचा काळ) दोन भाग: इंडुअन आणि ओलेनेकियन. त्यांच्यातली सीमा जुन्या तक्त्यांत २५.१२ कोटी अशी आहे आणि नव्या आंतरराष्ट्रीय तक्त्यात २४.९९ कोटी. कागदावर फरक बारीक वाटतो, आपल्या पट्टीवर तो १ मीटर ३० सेंटिमीटर होतो! नेटवर सापडणारी निम्मी चित्रं जुन्या आकड्यांवर आहेत आणि निम्मी नव्यावर, आणि दोन्हींतून थोडंथोडं घेतलं तर तापमानाचं शिखर आणि त्या काळातले प्राणी एकमेकांपासून मीटरभर लांब पडतात. आमचं पहिलं रेखाटन असंच झालं होतं. उपाय एकच, एक तक्ता निवडायचा, त्याची आवृत्ती पट्टीच्या कोपऱ्यात छापायची आणि बाकी सगळं त्यावर आणून बसवायचं. आम्ही नवा घेतला.

त्या दोन भागांचे आणखी चार तुकडे वापरात आहेत, जुन्याकडून नव्याकडे: ग्रिसबाखियन, डायनेरियन, स्मिथियन, स्पॅथियन. कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांवरच्या ओढ्यांची ही नावं, आणि त्या ओढ्यांना नावं दिलीत ती या काळावर काम केलेल्या माणसांची. पैकी कार्ल ग्रिसबाख आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातला, हिमालयातून ओटोसेरास नावाचा अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचा समुद्री प्राणी) त्याने १८८० मध्ये जगापुढे आणला. कार्ल डीनरनेही हिमालयातल्या ट्रायासिकवर आयुष्य घातलं. हे पट्टीवर यायलाच हवं, कारण पोरं विचारतात की हे सगळं चीन आणि सायबेरियातच का. श्रीनगरजवळ खुनमूहची गुर्युल घळ आणि स्पितीत पिन खोऱ्यातलं मूद गाव, दोन्हीकडे हाच काळ दगडात सलग बघायला मिळतो. मूदचा छेद तर इंडुअन-ओलेनेकियन सीमेच्या जागतिक खुणेसाठी दावेदार आहे.

२९ जून

तापमानाची रेष. हे सगळ्यात अवघड काम आणि इथेच मला सगळ्यात जास्त जीव लावावासा वाटला.

कोनोडोंट नावाचे ईलसारखे छोटे प्राणी होते, त्यांचे दातांसारखे बारीक अवयव दगडात टिकतात, वाळूच्या कणाएवढे. त्यातल्या फॉस्फेटमधल्या ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून पाण्याचं तापमान काढतात. दक्षिण चीनमधल्या नानपानजियांग खोऱ्यातल्या कोनोडोंटवरून २०१२ मध्ये आलेला अभ्यास या विषयाचा कणा आहे: विषुववृत्ताजवळचं पाणी सुमारे ८ लाख वर्षांत साधारण २१ अंशांवरून ३६ अंशांपर्यंत गेलं, मग थोडं उतरलं, आणि स्मिथियनच्या शेवटी पुन्हा चढून पृष्ठभागाला ४० च्या आसपास पोचलं असावं. आज विषुववृत्तीय समुद्र वर्षाच्या सरासरीला २७ ते ३० अंश असतो.

आम्ही या जड-हलक्या प्रमाणाचे आकडे एक्सेलमध्ये टाकून सूत्राने स्वतः तापमान काढायचं ठरवलं. प्रचलित सूत्रांपैकी एक असं: ११८.७ वजा ४.२२ गुणिले (कोनोडोंटचा आकडा वजा समुद्राच्या पाण्याचा आकडा). कोनोडोंटचा १८.५ धरला आणि पाण्याचा उणे १, तर ३६.४ अंश येतात. ठीक. पण पाण्याचा शून्य धरला की तोच दात ४०.६ अंश सांगतो. ध्रुवांवर बर्फ नव्हता असं मानून बहुतेक जण उणे १ घेतात, पण विषुववृत्ताकडे बाष्पीभवन जास्त झालं असेल तर आकडा वर सरकतो. शिवाय दुसरं एक सूत्र आहे, त्यात मोजणी ज्या नमुन्याशी ताडतात त्याचा आकडाही वेगळा धरलेला आहे. ते न जुळवता सरळ आकडा टाकला की तिथे २९.७ येतात, जुळवून टाकला की ३३.७. म्हणजे दगड एक, दात एक, आणि उत्तर ३० पासून ४० पर्यंत कुठेही!

दहावीतल्या एकीने विचारलं, "मॅडम, मग यातलं खरं कुठलं?" चांगला प्रश्न होता, त्यावर पूर्ण तास गेला. सूत्र कुठलंही घ्या, पण सगळ्या दातांना तेच लावा, मग चढ-उतार तसेच राहतात. विनाशाच्या आसपास मोठी चढण, मग उतार, मग स्मिथियनच्या शेवटी दुसरं शिखर, मग स्पॅथियनमध्ये थंडावा. हा आकार भरवशाचा आहे, त्यावरचा नेमका अंश कमी भरवशाचा. म्हणून बारीक रेषेऐवजी आम्ही जाड पट्टा काढतोय, सूत्राप्रमाणे जितका फरक पडतो तितका जाड. तुम्ही करणार असाल तर कृपा करून बारीक रेष काढू नका, बघणारा माणूस बारीक रेषेवर नको तेवढा विश्वास ठेवतो.

६ जुलै

आषाढी, सुट्टी, घरी बसून एक्सेल. मूळ आकडे वर्षांत नसतात, दगडाच्या जाडीत असतात: तळापासून इतक्या मीटरवर इतका आकडा. जाडीला सरळ वर्षांत गुणलं तर दुसरं शिखर पट्टीवर भलतीकडे जातं, कारण गाळ कधी भराभर साचतो कधी शतकानुशतकं जवळजवळ साचतच नाही. त्याला उपाय जीवाश्मांचा. कुठल्या जातीचा कोनोडोंट कुठल्या थरात पहिल्यांदा दिसतो त्या जागा खुंट्यांसारख्या धरायच्या (ट्रायासिकची सुरुवातच हिंडिओडस पार्व्हस या जातीवरून ठरलेली आहे) आणि दोन खुंट्यांच्या मधला भाग ताणायचा किंवा आवळायचा. हे केल्यावर दुसरं शिखर डाव्या टोकापासून पावणेतीन ते तीन मीटरच्या मध्ये येऊन बसलं.

विनाश ३० सेंटिमीटरवर, दुसरं शिखर जवळजवळ ३ मीटरवर. हे दोन आकडे शेजारी लिहिल्यावर मला पुन्हा एकदा धस्स झालं.

१३ जुलै

फ्लेक्स छापून आला. १८ फूट बाय ३ फूट, चौरस फुटाला १८ रुपये, ९७२ रुपये. छपाई छान पण टांगायला पाईप घालण्यासाठी दुकानात दोन्ही टोकांना दुमडून खिसा शिवतात, त्यात डावीकडचे १० सेंटिमीटर गेले. आणि आपल्या पट्टीत सगळ्यात महत्त्वाची जागा डाव्या टोकापासून २६ ते ३२ सेंटिमीटर आहे, ती पाईपाला चिकटली, आधीचा शांत पर्मियन समुद्र दिसेचना. पुन्हा छापावं लागलं. दुसऱ्यांदा दोन्हीकडे १५ सेंटिमीटर कोरे सोडले, १९ फूट झाले, १,०२६ रुपये.

दुसरं, दुकानात सगळं फुटात चालतं. साडेपाच मीटर म्हणजे १८ फुटांहून जरासं जास्त, मशीनवरचा माणूस "फिट करून देतो" म्हणतो आणि पूर्ण चित्र आक्रसतं. फाइलवर मोठ्या अक्षरात "आकार बदलू नये" लिहा आणि तिथेच उभं राहून टेप लावा.

१६ जुलै

मातीकाम. शाडू आणायला उशीर केला तर गणपतीच्या तोंडावर मिळत नाही आणि भावही चढतो, आम्हाला १० किलो ३०० रुपयांना मिळाली.

पर्मियन बाजूला पोरांनी उत्साहात ढीगभर ट्रायलोबाइट (कवचाचे, खंडाखंडांच्या अंगाचे समुद्री प्राणी) केले. पण पर्मियनच्या शेवटापर्यंत ट्रायलोबाइट अगदी मोजके उरले होते, समुद्र भरला होता तो ब्रॅकिओपॉड (शिंपल्यांसारखे दिसणारे जीव), समुद्रकमळं, जुन्या प्रकारचे प्रवाळ, स्पंज आणि फ्युसुलिनिडांनी. म्हणून एकच ट्रायलोबाइट ठेवला आणि बाकीचे पुढच्या वर्षीच्या कँब्रियनसाठी (पर्मियनच्या खूप आधीचा काळ) खोक्यात. फ्युसुलिनिड म्हणजे एकपेशीय जीवांची कवचं, दिसायला अगदी तांदळाच्या दाण्यासारखी, म्हणून आम्ही खरे तांदूळच फेव्हिकॉलने चिकटवले. पावसाळ्यात ते टिकले नाहीत, सोंडे झाले आणि खाली पीठ पडायला लागलं. आता शाडूचे दाणे वळलेत, वेळखाऊ पण टिकतात.

शाडू वाळत नव्हती, हवेत इतकी ओल. पातळ भागांना तडे गेले, विशेषतः समुद्रकमळांच्या देठांना. आत तांब्याची तार घातल्यावर थांबलं.

२० जुलै

विनाशानंतरची बाजू. इथे जागा भरपूर आणि प्रजाती थोड्या, आणि ते तसंच ठेवायचं हे कलेच्या सरांना समजावणं अवघड गेलं, त्यांना मोकळी जागा खटकते. शेवटी त्यांनीच मार्ग काढला: एकच साचा घेऊन क्लाराया या चपट्या, पातळ शिंपल्याच्या तीस-चाळीस प्रती लावल्या. खरंही तसंच आहे, काश्मीरपासून इटलीच्या डोलोमाइटपर्यंत त्या काळच्या थरांत क्लारायाचे थरच्या थर मिळतात. कमी ऑक्सिजनमध्ये तग धरणारे हे जीव. सोबत लिंग्युला, हा एक ब्रॅकिओपॉड. आणि जिथे आधी स्पंज-प्रवाळांचे खडक होते तिथे सूक्ष्मजीवांचे थर, म्हणजे करडा-हिरवा लेप.

गोगलगायी किती मोठ्या करायच्या यावर थांबलो. विनाशानंतर उरलेले जीव आकाराने लहान झाले असं बरेच दिवस मानलं जातं, लिलिपुट परिणाम म्हणतात त्याला. पण २०१० मध्ये अमेरिकेतल्या युटा आणि ग्रीनलंडच्या थरांतून त्याच काळातल्या चांगल्या मोठ्या गोगलगायी दाखवल्या गेल्या. आम्ही लहान जास्त केल्या, मोठ्या दोन केल्या, आणि खाली लिहिलं की यावर मतभेद आहेत.

मतभेद नुकसानीच्या आकड्यावरही आहेत. सागरी प्रजातींपैकी ९६ टक्के गेल्या हा १९७९ चा अंदाज सगळीकडे छापला जातो, २०१६ मधला अंदाज ८१ टक्के. आम्ही दोन्ही लावले.

२७ जुलै

ऑक्सिजनचा प्रयोग. उष्म्याने समुद्रातले जीव का मरतात हे पट्टीवर वाचून समजत नाही, हाताने करून बघावं लागतं. कल्पना सोपी: साध्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३६ अंशांना पावणेसात-सात. दोन बाटल्या, मत्स्यटाकीवाल्यांकडे मिळणारं ऑक्सिजन मोजायचं किट (८५० रुपये), थर्मामीटर.

फसलं. गार पाण्याचा आकडा प्रत्येक वेळी वेगळा, कारण ओतताना जितकी हवा मिसळेल तितका आकडा वर. आणि गरम पाणी आधी उकळून मग निववलं होतं, उकळल्याने ऑक्सिजन आधीच निघून गेलेला, त्यामुळे फरक नको इतका मोठा दिसला. पोरं खूश झाली पण तो फरक तापमानाचा नव्हता. मग दोन्ही बाटल्यांत छोट्या एअर पंपाने तासभर हवा सोडली, पाणी त्या त्या तापमानाला ठेवून, आणि नळी बुडाशी धरून हळू नमुना काढला. आता गार बाटलीत ९ च्या आसपास, गरम बाटलीत ७.

यात एक गोष्ट अशी घडली की पूर्ण मंडळ गप्प झालं. मत्स्यटाकीचा हीटर आणला आणि त्याची चकती फिरवली, ती ३४ ला संपते. त्याच्या वर आकडाच नाही. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, त्याच्यावर मासे ठेवतंय कोण?" ३६ अंश गाठायला आम्हाला बाटली गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवावी लागली. ती चकती आता पट्टीवर स्मिथियनच्या शिखराखाली टांगलीय, त्या ठिकाणी तिच्याइतकं बोलकं काही नाही. (मासे घालून बघूया का, असं विचारलं गेलं. नाही. जिवंत प्राणी घालायचा नाही.)

नुसता ऑक्सिजन कमी होणं ही अर्धी गोष्ट झाली. थंड रक्ताच्या प्राण्याला पाणी १० अंशांनी तापलं की ढोबळमानाने दुप्पट ऑक्सिजन लागतो. पुरवठा उतरतो आणि गरज चढते, म्हणून दोन रंगांचे दोरे लावून दोन रेषा एकमेकींना छेदताना दाखवल्या. २०१८ मध्ये संगणकावर त्या काळचा समुद्र उभा करून दाखवलं गेलं की सागरी विनाशाचा निम्म्याहून जास्त भाग या एकाच कात्रीने समजावता येतो, आणि सगळ्यात जास्त फटका ध्रुवांकडच्या जातींना बसला. उष्ण पाण्यातल्यांना सरकायला थंड जागा होती, थंड पाण्यातल्यांना पुढे जागाच नव्हती.

३ ऑगस्ट

दगडाची पेटी. आपल्याकडे पायाखाली दख्खनचा बसाल्ट आहे, तो सायबेरियाच्या लाव्ह्यासारखाच प्रकार, म्हणून हात लावायला एक तुकडा ठेवला. खाली स्पष्ट लिहिलं की हा दगड इथला आहे, साडेसहा कोटी वर्षांचा, या पट्टीच्या मापात पट्टीपासून १८० मीटरहून लांबचा. नाहीतर येणारा प्रत्येक जण सह्याद्रीनेच पर्मियन संपवला असं समजून जाईल.

सायबेरियात लाव्हा बाहेर आला तेवढ्याने हे झालं नाही, हे सांगायला कोळशाचा तुकडा आणि खडे मीठ शेजारी ठेवलं. तुंगुस्का खोऱ्यात वर यायच्या आधी तो रस कोळसा, चुनखडी आणि मिठाच्या थरांमध्ये आडवा पसरला, त्यांना भाजून काढलं, आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड, मिथेन हवेत गेला. मुलांना हा भाग लगेच कळतो, वीटभट्टी सगळ्यांनी बघितलेली असते.

१० ऑगस्ट

पुनरागमनाच्या खुणा लावल्या आणि इथे माझं स्वतःचं मत बदललं. पट्टी अशी मांडली होती की दुसऱ्या शिखरापर्यंत जवळजवळ सगळं ओसाड, मग जीव परततात. पण तसं बसत नाही. अमोनाइट दहा-वीस लाख वर्षांतच भराभर नव्या जाती काढत होते. गुइयांगचे जीवाश्म, दक्षिण चीनमधलेच, २०२३ मध्ये जाहीर झालेले, २५.०८ कोटी वर्षांचे, त्यात मासे आहेत, सीलाकँथ (प्राचीन प्रकारचा मासा) आहे, झिंग्यांसारखे कवचधारी आहेत, ते पट्टीवर १ मीटर ३७ सेंटिमीटरवर येतात, म्हणजे उष्म्याच्या ऐन मध्यात, आणि तेही विषुववृत्ताच्या पट्ट्यात, जिथून मासे जवळजवळ नाहीसे झाले होते असं २०१२ च्या अभ्यासात म्हटलेलं. उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गेन बेटावर विनाशानंतर साधारण २० लाख वर्षांनीच इक्थियोसॉर (माशासारखा दिसणारा समुद्री सरपटणारा प्राणी) पोहत होता. अमेरिकेतल्या आयडाहोमधला पॅरिस गावाजवळचा जीवाश्मांचा साठा दुसऱ्या शिखराच्या लगेच नंतरचा, तोही भरगच्च.

म्हणून वरची आणि खालची अशा दोन ओळी केल्या. वर पोहणारे: ते लवकर सावरतात, दुसऱ्या उष्म्यात पुन्हा मार खातात (अमोनाइट आणि कोनोडोंट दोघेही), पुन्हा सावरतात. खाली तळाला चिकटलेले: त्यांचं रेंगाळतं. स्पंजांचे छोटे खडक युटाच्या बाजूला विनाशानंतर साधारण पंधरा लाख वर्षांनी दिसतात आणि पुन्हा जातात, आजच्या प्रकारचे प्रवाळ तर आपली पट्टी संपल्यावर, मध्य ट्रायासिकमध्ये. एका ओळीत हे दाखवता आलं नसतं, आधीची मांडणी सुटसुटीत होती पण चूक होती.

१७ ऑगस्ट

पालक आले. एका वडिलांनी विचारलं, आत्ताची तापमानवाढ या मापात कुठे दिसेल? औद्योगिक काळापासूनची दीडशे वर्षं या मापात ०.१५ मिलिमीटर होतात. फ्लेक्सवर इतकी बारीक रेघ नीट छापली जात नाही, करून बघितली. शेवटी फाटकापलीकडच्या पाटीवर केसाएवढी रेघ कटरने कोरली आणि शेजारी लिहिलं की या रेघेच्या जाडीत सरासरी तापमान १ अंशाहून जास्त वाढलंय. सायबेरियाच्या वेळी एकूण वाढ कितीतरी मोठी होती, पण ती व्हायला या पट्टीवर हातभर जागा लागली. मला वाटतं पूर्ण कामात ही पाटी सगळ्यात जास्त वेळ वाचली जातेय.

२४ ऑगस्ट

खर्च: फ्लेक्स दोन्ही मिळून १,९९८, शाडू ३००, रंग आणि वॉर्निश ६४०, किट ८५०, पंप आणि हीटर ७८०, थर्मामीटर १५०, पाईप, तार आणि लाकडी पट्ट्या ५२०. एकूण ५,२३८ रुपये. फ्लेक्स एकदाच नीट छापला तर हजार वाचतात. वेळ सगळ्यात जास्त तारखा जुळवण्यात जातो, माती आणि रंग आणण्याच्या आधी तेवढं करून घ्या. किटमधल्या रसायनाला मुदत असते, ती बघून घ्या, आणि रंग ट्यूबलाइटखाली नाही तर दिवसाउजेडी जुळवा. एक्सेलची फाइल मागणाऱ्याला देतेय, पाण्याचा आकडा आणि सूत्र वरच्या दोन पिवळ्या चौकटींत आहेत, ते बदलले की पट्टा आपोआप सरकतो.